घर, पोरं आणि आडवी बाटली

गावातलं परवान्याचं दारूदुकान बायकांच्या मतांवर बंद करता येतं, हे आपल्याकडे बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. पण ते स्वयंपाक, शाळा, रान, आलं-गेलं सांभाळून करायचं कसं, हे कुणी सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही ते केलं, म्हणून लिहिते. मी घरी शिवणकाम करते. नवरा एमआयडीसीत तीन पाळ्यांत कामाला. मुलगी तेव्हा पाचवीत होती, मुलगा अंगणवाडीत. घरात सासूबाई आहेत, त्यांना मी आत्या म्हणते.

आधी नियम सांगते, कारण आमची सगळी धावपळ त्या नियमाभोवती झाली. २००८ साली शासनाने काढलेल्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. झालेल्या मतदानापैकी निम्मी पडून भागत नाही. यादीत हजार बायका असतील तर पाचशेच्या वर बायकांनी घरातून निघून, रांगेत उभं राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. जी घरी बसली तिचं मत नुसतं वाया जात नाही, ते उभ्या बाटलीच्याच कामी येतं. मयत बाईचं नाव यादीत राहिलं असेल, तर तेही तसंच.

आमचं दुकान पूर्वी हायवेला होतं. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून. पुढे वीस हजारांच्या आतल्या वस्तीसाठी ते अंतर २२० मीटर झालं. हायवेवर अपघात होऊ नयेत हा हेतू चांगलाच होता, पण आमच्याकडे दुकान आत सरकलं आणि नेमकं शाळेच्या वाटेवर आलं. शाळा सुटायची वेळ आणि मजुरी हातात पडल्यावर माणसं तिथं जमायची वेळ एकच. पोरी घोळक्याने, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, खाली मान घालून घरी यायला लागल्या. गावात दारू आधीही होती. पण लेकरांना रोज त्यातनं वाट काढावी लागते, हे बघवेना.

विषय निघाला बचत गटाच्या बैठकीत. आमच्याच जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या बायकांनी असं मतदान करून दुकानं बंद केलेली, ते ऐकून होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गावातल्या एका जाणत्या माणसाने सुचवलं, ग्रामपंचायतीच्या सभागृहात संध्याकाळी सातला मोठी बैठक घ्या. सात वाजता! त्या वेळेला धारा काढून झालेल्या असतात, भाकरी तव्यावर असते, पोरं अभ्यासाला बसलेली असतात आणि ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना तो घरी कसा येतो याची धास्ती असते. अशा बैठकीला कोण येणार? ज्यांच्या घरात दुसरी करणारी आहे त्या येणार, आणि ज्यांच्यासाठी हे करायचं त्याच घरी राहणार.

आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई याबाबतीत फार ठाम होत्या. म्हणाल्या, "बैठक आपल्या येळेला, न्हाईतर नको." आम्ही बायकांचा दिवस कुठं कुठं मोकळा सापडतो ते बघितलं. रानातली जेवणाची सुट्टी दुपारी असते. गिरणीत दळणाला नंबर लावून थांबावंच लागतं. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तान्ह्या पोरांच्या आया तासभर बसलेल्या असतात. शाळा सुटायच्या आधी फाटकापाशी आया उभ्या असतात. रेशनच्या रांगेचं तर बोलायलाच नको. मोठी बैठक आम्ही घेतलीच नाही. वस्तीवस्तीला, आळीआळीला, त्या त्या ठिकाणी दोघी-दोघी जायच्या. ज्या जागी बाई नाहीतरी जाणारच आहे तिथंच आपण जायचं, हे ठरलं आणि काम हलायला लागलं. समाजकार्याला वेळ नाही असं बायकांबद्दल म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे सभेची वेळच त्यांना न विचारता ठरवायची रीत होती.

घरातलंही आधी बोलून घेतलं. नवऱ्याला म्हटलं, हे काम सहा महिने तरी चालेल, वर्षही लागेल, आणि माझ्याकडची काही कामं तुमच्याकडे येतील. त्यांनी विचारलं, कुठली? आम्ही पाळीचा तक्ता समोर घेतला. त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात दुपारनंतर मुलगा त्यांच्याकडे. दुसरी पाळी असेल तर सकाळचे डबे आणि मुलीचं गणित त्यांच्याकडे. रात्रपाळीच्या आठवड्यात मी गावात फिरायचं नाही, फक्त फोनवरची कामं करायची. माणूस रात्रभर जागून आलेला असतो, त्याला झोप पाहिजे. शिवणाच्या ऑर्डरी मी कमी घेतल्या. पैसे कमी आले, ते आम्ही धरूनच चाललो होतो. आत्यांनी संध्याकाळची चूल स्वतःहून घेतली. त्यांचा एक भाऊ दारूपायी गेला. त्या फार बोलत नाहीत, पण पिठाचा डबा पुढ्यात ओढून एवढंच म्हणाल्या, "तू जा गं, भाकरीचं मी बघते."

ज्या घरात असा आधार नव्हता, त्या बायकांना आम्ही फिरायचं काम दिलं नाही. एक जण अक्षर चांगलं म्हणून घरी बसून याद्या उतरवायची. दुसरी, जिचा नवरा स्वतः दुकानावर पडलेला असायचा, तिने फक्त तिच्या चुलत्यांच्या घरातल्या बायका तयार केल्या. त्याहून जास्त तिच्याकडून मागणं बरोबर झालं नसतं.

मतदार यादीचं काम सगळ्यात किचकट. यादी हातात आली तेव्हा कळलं, की गेलेल्या आज्या अजून त्यात आहेत, लग्न होऊन गेलेल्या लेकी आहेत, आणि नव्या सुना मात्र नाहीत, कारण त्यांची नावं अजून माहेरच्या गावात. मयतांची नावं कमी करायला नमुना ७, नवीन नावाला नमुना ६, आणि माहेरहून सासरच्या पत्त्यावर नाव आणायला नमुना ८. बीएलओंना, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना, गाठून हे सगळं करून घ्यायला आम्हाला काही महिने लागले. निवेदन देण्याआधीच हे उरकून घ्यावं. दुकानाविरुद्ध घोषणा द्यायला माणसं पटकन जमतात, नमुना ७ ला मयताचा दाखला जोडायला कुणी बसत नाही. आमचं मतदान जिंकलं गेलं त्यात या कागदांचा मोठा वाटा आहे, असं मी आजही म्हणते.

सह्यांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू कामाला आलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाई कुणाच्याही घरी गेली तरी कुणी विचारत नाही कुठं चाललीस. आम्ही त्या दिवसांत सगळ्या आळ्या फिरलो. वाण म्हणून छोटी वाटी दिली आणि वाटीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तिचं यादीतलं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक. कित्येक जणींनी आपलं नाव सरकारी यादीत कसं लिहिलंय ते पहिल्यांदाच बघितलं. एका म्हाताऱ्या काकींनी चिठ्ठी दोनदा वाचायला लावली, मग पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून ठेवली. सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला. घरात पिणारा आहे अशा बायका आधी सही करतील असं मला वाटलं होतं. तसं नाही होत. त्यांना घरी जाऊन उत्तर द्यायचं असतं. त्यांच्या सह्या शेवटी आल्या, आजूबाजूच्या सगळ्यांची नावं वहीत बघून झाल्यावर.

एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला. काही जणींचं म्हणणं, शाळेच्या पोरांची प्रभातफेरी काढू, फलक धरू, पेपरात फोटो येईल. मी विरोध केला. दुकानावर बसणारे लोक त्याच पोरांचे बाप, चुलते. माझ्या मुलीच्या बाकावर बसणाऱ्या पोरीचा बाप तिथला रोजचा. त्या पोरीच्या हातात "दारू हटवा"चा फलक द्यायचा, की तिला एकटीला फेरीतून बाजूला ठेवायचं? दोन्ही वाईट. मोठ्यांनी करायचं काम आहे, मोठ्यांनी करावं. शेवटी फेरी झाली नाही. घरात मुलीला मी सगळं खरं सांगितलं, मतदान कसं असतं, का चाललंय, फक्त वर्गात कुणाच्या बापाचं नाव काढायचं नाही एवढं बजावलं. तिने ते पाळलं.

फेब्रुवारीत तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. जानेवारीच्या शेवटापासून परीक्षा होईपर्यंत मी संध्याकाळनंतर फोन उचलायचा नाही असं ठरवलं आणि गटाला तसं सांगितलं. एकदोघींना ते आवडलं नाही. पण पाचवीतल्या पोरीला बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवताना शेजारी आई लागते, आणि गटात माझ्याशिवाय काम करणाऱ्या होत्या. काम एकीवर अडलं तर ते एकीच्या घराला खातं. म्हणून वही, यादी, अर्जाच्या पोचपावत्या सगळ्याच्या दोन दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत ठेवलेल्या. मी थांबले तेव्हा दुसरीने पुढं नेलं. तिच्या घरी लग्न निघालं तेव्हा मी.

मग पडताळणी. राज्य उत्पादन शुल्क खात्याचे अधिकारी गावात येतात, बाई ओळखपत्र घेऊन समोर येते, सही तुमचीच का, समजून केली का, असं विचारतात. सही करणं वेगळं आणि साहेबासमोर "हो, माझीच" म्हणणं वेगळं. त्या आठवड्यात दुकानाच्या बाजूची माणसं घरोघर जाऊन गोडीत सांगत होती, कशाला भानगडीत पडता. काही ठिकाणी गोडीत नव्हे. आम्ही एवढंच केलं, की एकटी बाई पाठवायची नाही. पाच-पाच जणी, शेजारच्या शेजारच्या, आणि त्यांची लहान पोरं सांभाळायला अंगणवाडीच्या ओट्यावर आत्या आणि दोन म्हाताऱ्या. २५ टक्के लागतात, पण आम्ही जास्त सह्या घेऊन ठेवल्या होत्या, कारण काही गळणार हे दिसत होतं. गळल्याच. तरी पुरल्या.

मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं. आम्ही तहसीलदारांना लेखी विनंती दिली, की गावच्या यात्रेला लागून रविवार द्या. कारण असं, की माथाडी कामामुळे आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीकडे असतात. त्यातल्या बऱ्याच बायकांची नावं गावच्या यादीत. त्या आल्या नाहीत तर आकडा गाठणं अशक्य. रविवार मिळाला. यात्रेला आलेल्या मुंबईकर बायका एक दिवस जास्त थांबल्या, काही रात्रीच्या एसटीने मुद्दाम आल्या. एकीने तर मला सांगितलं, "मी हितं राहत नसले तरी माझ्या पुतण्या त्या वाटेनं शाळेला जातात."

त्या दिवशी गावातल्या बऱ्याच घरांत पुरुषांनी स्वयंपाक केला. नवऱ्याने सुट्टी टाकली होती. मुलाला खांद्यावर घेऊन तो केंद्रापासून लांब, पिंपळाच्या पारावर बसला होता आणि आणखी चार घरांची पोरं त्याच्या भोवती. रांग उन्हात होती. दुपारी मंदावली तेव्हा आम्ही याद्या काढून कोण राहिलं ते बघितलं आणि घराघरात गेलो. आडवी बाटली जिंकली, यादीतल्या निम्म्यापेक्षा पुरेशी जास्त मतं घेऊन. पुढं जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला आणि दुकानाला सील लागलं.

दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद झाली, असं मी म्हणणार नाही. चोरून विकणारे निघाले. पिणाऱ्यातले काही शेजारच्या गावाला जायला लागले. चोरट्या विक्रीवर लक्ष ठेवायला गावातल्याच लोकांचं ग्रामरक्षक दल असतं, त्याची २०१६ सालापासून कायद्यात तरतूद आहे, त्याच्या मागणीचं निवेदन आम्ही दिलंय. आणि ज्यांना सोडायची आहे पण सुटत नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राची माहिती गोळा करतोय. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, तिथं आमच्यातली एक तिच्या नवऱ्याला घेऊन जाऊन आली.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या बायका मला भेटायला आल्या होत्या. निवेदनाचा मसुदा मागत होत्या. मी मसुदा दिला, पण त्याआधी मतदार यादी मागवा म्हटलं, नमुना ७ आणि ८ दिवाळीच्या आत उरका, आणि हळदीकुंकवाच्या वाट्या घाऊक घ्या, स्वस्त पडतात. त्यातल्या एकीच्या कडेला तान्हं होतं. ती विचारत होती, हिला घेऊन कसं जमेल. तिला मी याद्या उतरवायचं काम घ्यायला सांगितलं.