मीटिंगचा पत्ता

सोमवार, रात्री

आज बारावा दिवस. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली हे फार बरं झालं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. मला हे ठाऊकच नव्हतं. सोडायची म्हणजे मन घट्ट करायचं, एवढीच माझी समजूत होती.

शरीर आता सावरलंय. पण संध्याकाळचे सात वाजले की आत जी तगमग सुरू होते, ती तशीच आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण एकट्याने रेटू नका. जवळपास एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग कुठे भरते ते बघा."

बघितली. यादीत पत्ता मिळाला, शनिवारी गेले, तर खोलीला कुलूप. ग्रुप कधीच दुसरीकडे हलला होता, यादी जुनी होती. ते कुलूप बघून मला काय वाटलं ते इथे तरी खरं लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. आपण प्रयत्न केला, नाही जमलं, आता कोणी बोल लावणार नाही. येताना दारूच्या दुकानापाशी पाय रेंगाळले. ताईला फोन लावला आणि घरात शिरेपर्यंत काहीबाही बोलत राहिले.

आज सकाळी एएच्या हेल्पलाइनला फोन केला. किती पिता, कधीपासून, घरी कोण आहे, सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. पलीकडच्या बाईंनी एकच विचारलं, "सोडायची इच्छा आहे ना?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग झालं. सभासद व्हायला एवढंच लागतं." फी नाही, नावनोंदणी नाही, आडनाव सांगायचं नाही. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांची. "गुरुवारची क्लोज्ड आहे, म्हणजे आपल्यासारख्यांचीच. मी दाराशी थांबते."

आपल्यासारख्यांची. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो शब्द कानात राहिला.

गुरुवार, रात्री उशिरा

जाऊन आले.

त्या खरंच दाराशी होत्या. आत पंधरा-सोळा खुर्च्या, गोलात. कुणीतरी पाण्याचा ग्लास हातात दिला, अर्धाच भरलेला. आधी काही वाटलं नाही. मग माझा हात इतका थरथरायला लागला की ग्लास भरलेला असता तर पाणी मांडीवर सांडलं असतं. देणाऱ्याला हे माहीत होतं. त्याचाही हात कधीतरी असाच थरथरला असणार.

एकेक जण बोलला. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. एका बाईंनी कपाटात चादरींच्या घडीत बाटली लपवण्याबद्दल सांगितलं आणि माझा श्वास अडकला, कारण माझीही तिथेच असायची. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं आणि "आज फक्त ऐकते" म्हटलं. चाललं.

निघताना एक काका म्हणाले, एकोणीस वर्षं सोबर आहेत, "तू आलीस, माझं काम झालं. आज मला फार गरज होती." मला वाटलं, नव्या माणसाला धीर द्यायला म्हणत असतील. घरी येऊन वाचत बसले तेव्हा उलगडलं. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून पाचच महिने झालेले, धंद्याचा बेत फसलेला, हॉटेलच्या लॉबीत एकटा आणि समोर बार. त्याने एकामागून एक फोन लावले ते दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळावं म्हणून. अशी डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ पडली. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि दोघं कितीतरी तास बोलत बसले. बॉबनी १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला, तोच एएचा स्थापना दिवस मानतात. त्या पहिल्या भेटीला बिल बॉबला वाचवायला गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता.

म्हणजे काकांना खरंच माझी गरज होती. इतकी वर्षं मी सगळ्यांना फक्त ओझंच झाले, असं धरून चालले होते.

दारू सोडण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगतं, त्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, तिथे मी अडखळते. त्या बाई म्हणाल्या, "आत्ता त्यात अडकू नकोस, शनिवारी ये." मला पुराव्याशिवाय चैन पडत नाही म्हणून तेही शोधलं. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, माणसाला एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. तेवढ्यावर शनिवारी नक्की जाता येईल.

शुक्रवार

ताईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि माझ्यासारख्यांसाठी? तुझ्या पिण्यापायी मी पण रात्र-रात्र जागलेय." याचं उत्तर कालच वाचलं होतं. बिलच्या बायकोने, लोइसने, १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. आमच्याच ग्रुपच्या शेजारच्या खोलीत त्यांची मीटिंग भरते.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पत्ता दे. पण आधी फोन करून विचारते, तिथे कुलूप नको."