तुम्ही विचारलंत म्हणून: धाकट्याला क्लासमधून का काढलं

"वैनी, एवढं हुशार पोरगं, आन् नववीच्या बॅचमधनं काढलंसा?" मंडईत, रंकाळ्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच. वर आणि, "त्यो शेल्डन बघा की, नवव्या वर्षी हायस्कूलला गेला!"

बघितलाय. 'यंग शेल्डन' या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग. टेक्सास, 1989. नऊ वर्षांचा पोरगा नववीत जातो आणि कोण कुठला नियम मोडतंय ते वर्गात सांगत सुटतो. आम्ही पोट धरून हसलो. थोरली लेक हसली नाही. शेल्डनचा मोठा भाऊ जॉर्जी त्याच इयत्तेत असतो, हे तिनं आधी हेरलं.

आमचा सहावीत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पाहुण्यांना चहाआधी ऐकावी लागते: 39 फूट इशारा, 43 धोका. राधानगरी धरणाचे सात दरवाजे आपोआप कसे उघडतात हे सुरू झालं, की विषय हार्ड. क्लासच्या सरांनीच सुचवलं, नववीच्या गणिताला बसवा. थोरली त्याच बॅचला. मी हुरळले, नाही कशाला म्हणू?

पुढचं मला त्यानंच जेवताना सांगितलं, अगदी खुशीत. ताई फळ्यावर बहुपदीचे अवयव पाडत होती. उणेचं चिन्ह राहिलं. हा बाकावरून ओरडला. सर म्हणाले, "बघा, सहावीतलं पोरगं!" आणि खडू याच्या हातात दिला. यानं ताईची एक ओळ नाही, अख्खं गणित पुसलं. "सुरुवातीपासनं नीट लिहिलं, आई." पोरं बाकं बडवत होती. "पण ताई जागेवर गेलीच नाही. फळ्यापाशीच उभी राहिली. का गं?"

ताई समोर भाकरी मोडत होती. मान वर केली नाही.

त्याची काय चूक? काहीच नाही. उत्तर बरोबर होतं. जाऊबाई म्हणतात, पोराच्या हुशारीला वेसण घातलीस. महिनाभर आधी मीही दुसऱ्या कुठल्या आईला हेच सुनावलं असतं. आणि मुलीलाच दुसऱ्या बॅचला घालायचं, हे मला सुचलं नव्हतं असं समजू नका. विचारलं तिला. म्हणाली, "मी आधीपासनं आहे तिथं. मी का जाऊ?" यावर तुमच्याकडं उत्तर असेल तर सांगा, माझ्याकडं नव्हतं.

धाकटा अजून धुसफुसतोय. माझं कारण तर्काला धरून नाही म्हणतो. नसेलही.

सहावीतल्या पोराला एकट्याला नववीचं गणित शिकवणारं कुणी ओळखीत असेल, तर नंबर द्या. शेल्डन नको.