आमची वाटचाल : गळतीपासून तलावापर्यंत

आमच्या धंद्याची पहिली अडचण शब्दापासून सुरू होते. लग्नानंतर सांगलीकडच्या एका आजेसासूबाईंना मी सांगितलं, "आम्ही पूल बांधतो." त्यांनी कौतुकानं विचारलं, "अगं बाई! कुठल्या नदीवर?" तेव्हापासून गावाकडे मी 'पोहण्याचा तलाव' म्हणते, पुण्यात 'स्विमिंग पूल' आणि साईटवर नुसतं 'टाकी'. खरं म्हणजे ती टाकीच असते. लोकांना निळ्या टाईल दिसतात, आम्हाला टाकी दिसते.

सुरुवात माझ्या वडिलांपासून. बाबा गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करायचे, ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे उभे लावायचे, सांधे भरायचे, उतार काढायचा, वरून सिमेंटचा गुळगुळीत हात. काम झालं की गच्चीचे पाईप बोळ्यांनी बंद करून वर पाणी साठवायचं, पॅरापेटच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर एक खिळा ठोकायचा आणि रोज सकाळी जाऊन बघायचं. खिळ्याखाली पाणी गेलं आणि खालच्या खोलीत ओल दिसली, तर बाबा बिल द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक विसरून गेलं तरी बाबा खिळा विसरायचे नाहीत. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा माझं पहिलं काम हेच होतं : खिळा बघून येणं.

पहिला पूल आमच्याकडे आला तो गळका म्हणून. तळेगावचा एक बंगला. मालक निवृत्त गृहस्थ, त्यांना आम्ही सर म्हणायचो. रोज संध्याकाळी बोअरवेलचा कॉक सोडून ते पूल भरून घ्यायचे आणि म्हणायचे, "उन्हाळा आहे, उडतं पाणी." बाबांनी एक बादली मागवली. पाणी भरून ती पुलाच्या पायरीवर ठेवली, निम्मी बुडेल अशी. बादलीच्या आत एक खूण, बाहेर पुलाच्या पाण्याला एक खूण. ऊन दोन्हींना सारखंच लागतं, तेव्हा उडणारं पाणी दोन्हीकडे सारखंच कमी व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी अर्धा-पाऊण सेंटिमीटर उतरलं होतं, पुलाचं तीन सेंटिमीटर. आठ मीटर बाय चार मीटरच्या पुलात हा फरक म्हणजे दिवसाला सव्वासातशे लिटर पाणी जमिनीत. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोअरचं वीजबिल त्यांनी तिथल्या तिथे तोंडी हिशेबाला धरलं.

फोडलं तेव्हा कळलं. दिव्याचा पाईप भिंतीतून जिथे आत आला होता, तिथे भोकाभोवती नुसता सिमेंटचा माल कोंबलेला होता. पीव्हीसीचा पाईप आणि सिमेंट एकमेकांना कधीच धरून राहत नाहीत. तिथे पडल फ्लँज लागतो, म्हणजे पाईपला कॉलरसारखी चकती, जी काँक्रीटच्या पोटात अडकून बसते. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू वाचवली होती आणि वर हजारो रुपयांची टाईल लावली होती.

त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही अकरा गळके पूल फोडले. कॉलेजात शिकले नाही एवढं त्या अकरांनी शिकवलं. एके ठिकाणी तळ आज ओतलेला, भिंती पंधरा दिवसांनी, आणि मधल्या सांध्यात पाणी अडवणारी वॉटरस्टॉपची पट्टीच नाही. एके ठिकाणी भिंत काँक्रीटची नव्हतीच, वीटकाम होतं, आतून प्लास्टर. काळ्या मातीवर बसवलेल्या एका पुलाच्या तळाला हात जाईल एवढी भेग होती, कारण काळी माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये आकसून फाटते. तिचा थर काढून मुरूम भरून दाबायला पाहिजे होता. हे सगळं कोणी केलं होतं त्यांची नावं मी घेणार नाही. पुढे आमच्याही हातून घडलंच, ते सांगते.

२०११ मध्ये आम्ही स्वतः पूल बांधायला लागलो. तिसरं की चौथं काम लोणावळ्याचं. आरसीसी म्हणजे लोखंड घातलेलं काँक्रीट, सळयांची दुहेरी जाळी, वॉटरस्टॉप, पडल फ्लँज, सगळं नीट. सात दिवस पाणी भरून ठेवलं, खिळा जागेवर. बाबांनी नारळ फोडला, आम्ही बिल दिलं, मालकांनी पेढे दिले. जुलैत मालकांचा फोन आला, "ताई, पूल वर आलाय." मला वाटलं, पाणी वर आलं असेल. ते म्हणाले, "पाणी नाही हो. पूल."

घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. आम्ही पोचलो तर पुलाचा खोल बाजूचा कोपरा जमिनीतून नऊ इंच वर. भोवतीच्या फरशा कौलांसारख्या तिरक्या उभ्या, पाईप तुटलेले. आत थेंबभर पाणी नाही. बंगल्यावरच्या काकांनी, पाणी हिरवं झालं म्हणून पंप लावून तीन दिवसांपूर्वी सगळा उपसला होता. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी साफसफाई केली होती.

रात्री बाबा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडला, जो खरं तर बांधायच्या आधी मांडायला हवा होता. पुलाचं बाहेरचं माप ८.४ बाय ४.४ मीटर, उंची १.६. तेवढी जागा पाण्याची धरली तर सुमारे ५९ टन. आमचं काँक्रीट, प्लास्टर, टाईल मिळून वजन ४० टनांच्या आसपास. म्हणजे भोवतीच्या जमिनीत पाणी तळापासून १.१ मीटर चढलं की रिकामा पूल होडीसारखा तरंगणार. भरलेला असता तर आतल्या पाण्यानंच त्याला दाबून धरलं असतं. त्यात खाली काळा कातळ. ब्रेकर लावून कातळात खड्डा काढला होता, याचा आम्हाला अभिमान होता. पण कातळातला खड्डा म्हणजे वाडगा. लोणावळ्याचा पाऊस त्यात साठला आणि जायला वाट नव्हती.

चूक त्या काकांची नव्हती. पावसाळ्यात पूल रिकामा करायचा नाही, हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. तळाखालचं पाणी काढायची सोयही केली नव्हती. बाबांनी एफडी मोडली, पूल फोडून नव्यानं बांधून दिला. मालकांनी निम्मे पैसे देऊ केले, बाबांनी घेतले नाहीत. त्यावरून घरात दोन महिने वाद होता आणि मी तेव्हा पैसे घ्यावेत या बाजूची होते. आजही थोडीशी आहे.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पुलाच्या तळाखाली खडीचा थर आणि भोकं पाडलेला पाईप असतो. तो पाईप बाजूच्या एका अरुंद खड्ड्यात उतरतो आणि तिथे छोटा पंप. तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो : बाहेरचं पाणी जड झालं की तो उघडून पाणी आत घेतो, म्हणजे पूल उचलला जात नाही. आणि फिल्टरच्या खोलीत मराठीत पाटी : 'पावसाळ्यात पाणी उपसू नये. आधी फोन करा.' दुसरा बदल असा की नवी जागा आम्ही शक्यतो ऑगस्टमध्ये बघतो. गिऱ्हाईक डिसेंबरात छान हवेत बोलावतं. आम्ही शेजारच्या विहिरीत डोकावतो आणि विचारतो, "पावसात पाणी कुठवर येतं?" अलिबागकडे उत्तर मिळतं, "हातानं कळशी बुडते." मग तिथे पूल जमिनीच्या दोन फूट वर काढायचा, पायऱ्या चढून जायचं, असं आम्ही सुचवतो. काहींना दिसायला आवडत नाही. ते दुसरीकडे जातात.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. एक मेनंतरचे आयपीएलचे सामने उच्च न्यायालयाच्या आदेशानं राज्याबाहेर गेले. त्या महिन्यात आम्ही एका गिऱ्हाइकासमोर बसून सांगत होतो की तुमचा पूल ४३ हजार लिटरचा होईल, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर आणि वर थोडं. बोलताना माझी मलाच लाज वाटली. त्यांनीच सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. त्या वर्षी एकही नवा पूल नाही. आम्ही पुन्हा गळती काढायला लागलो आणि पोट त्यावरच भरलं. पुलावर रात्री घालायचं आच्छादन तेव्हापासून कोटेशनमध्येच धरतो, कारण उडणारं पाणी त्यानं बरंच वाचतं. पाण्याचा उगम काय, हे न विचारता आता आम्ही काम घेत नाही. टँकरवरच चालणारं घर असेल तर सरळ सांगतो, नका बांधू. नवरा म्हणतो, दुकानात बसून 'साखर नका घेऊ' म्हणणारी वाणीण तू.

२०२० च्या लॉकडाऊननंतर वारं फिरलं. कर्जत, मुळशी, लोणावळा, जो तो बंगला भाड्यानं द्यायला निघाला आणि पूल नाही तर गिऱ्हाईक नाही. फोनवर पहिला प्रश्न : "फोटोत निळा दिसेल ना?" दुसरा : "खोली आठ फूट करता येईल?" नाही करत. चार, साडेचार फूट पुरे. भाड्याच्या बंगल्यात येणाऱ्या दहांतले सात जण पोहत नाहीत, उभे राहून गप्पा मारतात. पाणी ओढणाऱ्या जाळ्या आम्ही तळाशी दोन लावतो, एकमेकींपासून लांब, म्हणजे एकीवर कुणाची पाठ किंवा केस चिकटले तरी ओढ दुसरीकडून सुटते. दिवे १२ व्होल्टचे. लहान मुलं असतील तर कुंपण. यातलं काही कमी करून भाव उतरवा म्हणणाऱ्यांना मी चहा पाजते आणि निरोप देते.

आमचं कोटेशन बहुधा तिघांत सगळ्यात वरचं असतं. गेल्या वर्षी एका डॉक्टर बाईंनी तीन कागद माझ्यापुढे पसरून विचारलं, "अडीच लाखांचा फरक कशाचा, सांगा." मी त्यांना म्हटलं, टाईलचं पान बाजूला ठेवा, तिथे तिघेही सारखेच. जमिनीखालचं पान बघा. एकानं लोखंड किती किलो ते लिहिलंच नव्हतं. एकानं पाण्याची चाचणी टाईल लावल्यावर धरली होती. टाईल लावल्यावर गळती सापडली तर काय फोडणार? पंप तासाला किती लिटर फिरवतो हे कुठेच नव्हतं. ४३ हजार लिटर सहा तासांत एकदा गाळून निघायचं तर तासाला सात हजारांच्या वर हवं. त्याखाली गेलात की शेवाळ धरतं आणि मग लोक क्लोरीन ओतत बसतात. त्यांना मी आमचा तीन पावसाळे काढलेला एक पूल बघायला पाठवलं, नवा नाही. नवा पूल सगळ्यांचाच छान दिसतो. आणि म्हटलं, तिथल्या मालकांना एकच विचारा : ऑगस्टमध्ये फोन केला तर ही बाई येते का?

त्या गेल्या, विचारलं, आणि काम मात्र दुसऱ्याला दिलं. तेही सांगायला हवं. पण त्या माणसाकडून त्यांनी लोखंडाचे फोटो घेतले आणि चाचणी टाईलच्या आधी करून घेतली. मला कळलं ते त्यांनीच पाठवलेल्या फोटोतून. खाली एक ओळ : "सांधा दाखवते, बरोबर आहे का बघा." बरोबर होता.

आज आम्ही नऊ जण आहोत. वर्षाला पाच-सहा पूल, त्याहून जास्त घेत नाही, कारण काँक्रीट ओततानाचा दिवस मी स्वतः साईटवर असते. तळ आणि भिंती सलग, दुपारचा डबा उभ्यानं. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर कोपऱ्यात नीट गेला नाही तर तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ राहतं, आणि ते सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, काढल्यावरच दिसतं. मुकादम आता सत्तरीचे आहेत, बाबांच्या वेळचे. ते भिंतीवर बोटांनी टकटक करत चालतात आणि एखाद्या जागी थांबून माझ्याकडे बघतात. मग मी काही विचारत नाही, छिन्नी मागवते.

बाबांना आता घाट सोसत नाही. सध्या मुळशीत एक टाकी भरलेली आहे, टाईल लागायच्या आधीची, उघड्या करड्या काँक्रीटची. रखवालदाराला खिळा दाखवून ठेवलाय. तो रोज सकाळी सातला फोन करतो, मी स्पीकरवर टाकते, बाबा पेपर खाली करून ऐकतात. पाच दिवस झाले. काल तो म्हणाला, "ताई, केसभर खाली दिसतंय." बाबांनी लगेच विचारलं, "बादली ठेवलीय का?"

ठेवली नव्हती. आज दुपारी जाऊन ठेवून आले.