बाळंतिणीची खोली रंगवण्याआधी

लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हटलं की पेठेतल्या जुन्या घरात पहिल्यांदा रंगारी येतो. नव्या डब्याची फारशी काळजी नको. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. घात करतो तो दारा-खिडक्यांच्या चौकटींवरचा जुना ऑइलपेंट. त्याचे थर पॉलिश पेपरने कोरडे घासले की पिठासारखी धूळ उडते आणि गादीवर, पिण्याच्या पाण्यावर बसते.

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेतं. पोटातल्या बाळाला पोसणारी वार त्याला अडवत नाही. नाळेतल्या रक्तात शिशाची पातळी आईच्या रक्तातल्या पातळीच्या साधारण ८०-९० टक्के सापडते. मेंदूच्या पेशींचे जोड जुळताना कॅल्शियमच निरोप्या असतो. तिथे शिसं घुसलं की जुळणीच बिघडते. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. लक्ष न लागणं, शिकायला जड जाणं हे पुढे कळतं, आणि तोवर झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही.

म्हणून रंग शाबूत असेल तर खरवडूच नका. पापुद्रे सुटलेच असतील तर पाणी मारून ओलं घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसा. गरोदर बाईने त्या दिवसांत घरात थांबायचंच नाही. ‘दार लावून घेते’ हे पुरत नाही, धूळ फटीतून येते.

हाडांचं मात्र कुणी बोलत नाही. लहानपणी पोटात गेलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं पडून असतं आणि गरोदरपणात हाडं झिजली की रक्तात उतरतं. (भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, त्याआधी वाहत्या रस्त्यालगत वाढलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.) ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत, लोहाची गोळी तिच्यापासून किमान दोन तास लांब. एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, आणि लोह कमी पडलं की आतडं शिसं जास्त ओढतं.

पितळी पातेल्यांची कल्हई शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात शिसं मिसळतात आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. चिंचेची आमटी, सोलकढी तेवढे महिने स्टीलमध्येच करा.

शंका असेल तर दंडातून रक्त काढून शिशाची तपासणी करा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर आधी घरातला उगम शोधायचा.