ग्राफिक्स कार्ड सारखं क्रॅश होत होतं, त्याचा माग कसा लागला

गेम खेळताना मध्येच स्क्रीन काळी पडायची, कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागायचे आणि आवाज मात्र काही क्षण चालू राहायचा. कधी चित्र परत यायचं, कधी कॉम्प्युटर थेट रीस्टार्ट व्हायचा.

सगळ्यात आधी विंडोजमधल्या बिघाडांच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद होती: डिस्प्ले ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रतिसाद देईनासा झाला आणि पुन्हा सुरू झाला. ही नोंद वाचून सगळे ड्रायव्हरलाच धरतात. पण कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच ड्रायव्हर रीसेट करते. कार्ड का अडकलं, हे त्या नोंदीत नसतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये, ही मुदत वाढवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण मूळ दुखणं तसंच राहतं.

तरी ड्रायव्हरची शंका फेडून घेतली. सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, नवा टाकला. फरक नाही. मग कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये तापमानाची नोंद फाइलमध्ये ठेवली. क्रॅशच्या आधीच्या शेवटच्या ओळीपर्यंत कार्ड सत्तरीच्या घरात, म्हणजे तापलेलं नव्हतं. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहिलं, रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक निघाली नाही. स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असत्या, तर कार्डाच्या मेमरीवर संशय घेतला असता. तसं काही नव्हतं.

खरा धागा हाती लागला तो आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची त्याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणल्यावर. क्रॅश थांबले! एकसारखा भार टाकणारी चाचणी आधीही सुरळीत पार पडायची. गेममध्ये मेनूतून मोठ्या दृश्यात जाताना, म्हणजे भार एकदम उसळला की, गडबड व्हायची. म्हणजे वीज कमी पडत होती.

केस उघडली. कार्डाला ८ पिनांची दोन सॉकेट होती, पण पीएसयूकडून (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) एकच केबल आली होती, शेवटी दोन तोंडं असलेली. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ८ पिनांच्या प्रत्येक सॉकेटमधून १५०. म्हणजे ३०० वॉटांपर्यंतचा भार एकाच केबलवर येऊ शकत होता. वीज बंद करून, मेन वायर काढून, पीएसयूच्या दोन वेगळ्या पोर्टांमधून दोन स्वतंत्र केबल जोडल्या. इथे एक कळकळीने सांगतो: केबल त्याच पीएसयूच्याच वापरा. दुसऱ्या मॉडेलची केबल नीट बसते, पण आतल्या पिनांची जुळणी वेगळी असू शकते, आणि त्यात पार्ट जळतात.

पॉवर लिमिट पुन्हा १०० वर नेलं, तोच गेम, तीच दृश्यं. ४१०१ ची नवी नोंद आली नाही. एवढं करूनही क्रॅश होत राहिले असते, तर आधी दुसरा पीएसयू लावून पाहिला असता आणि त्यानंतर हेच कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये.