नुसता लुकलुकणारा कर्सर

रात्री साडेदहाला गुगल डॉकमध्ये रिपोर्ट संपवत होते आणि माझ्या ओळीच्या खाली एक कर्सर नुसता लुकलुकत होता. टीममधला नागपूरचा मुलगा. दहा मिनिटं झाली तरी टाइप काहीच नाही, मग एकदम अक्षरं उमटली, 'ताई, आहेस का?' आणि एकेक करून खोडलीही गेली.

लगेच फोन लावला. काम काहीच नव्हतं त्याचं. "सकाळपासून कोणाशी बोललोच नाही गं, सगळं कमेंटमध्येच झालं," म्हणाला.

पोटात कालवलं माझ्या. कारण दिवसभरात त्याच्या १४ कमेंट मीच टिक करून बंद केल्या होत्या, एकीलाही उत्तर न देता.

२०२०च्या लॉकडाऊनपासून आमचं ऑफिसच त्या डॉकमध्ये आहे, पाच जण पाच गावांतून एकाच पानावर लिहितो, कोण कुठल्या ओळीवर आहे ते नावासकट दिसतं, व्हर्जन हिस्टरीत कोणी काय बदललं तेही सापडतं, पण माणूस कसा आहे हे विचारायला फोनच करावा लागतो ना. आणि तो मी तीन महिन्यांत केला नव्हता.

तुमच्या टीममध्ये आहे का असं कोणी, ज्याचा फक्त कर्सर दिसतो?