'काय करलालास?'

सोलापुरात माझ्या लहानपणी घरात मराठी, शेजारी कन्नड, यंत्रमागाच्या कारखान्यात तेलुगू आणि बाजारात दखनी उर्दू ऐकू येई. त्यामुळे भाषा राज्याच्या सीमेपाशी थांबते, हे मला कधीच पटले नाही. तेलुगू इथे पद्मशाली विणकरांबरोबर आली, कन्नड मात्र जुनीच. बाराव्या शतकातील सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांची वचने, म्हणजे भक्तिपर रचना, कन्नडमध्येच आहेत. तरीही भीमा-सीनेच्या संगमावर, आमच्याच जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ च्या शिलालेखात 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल, ही मराठी ओळ कोरलेली आहे. (गावाचे नाव मात्र कन्नड वळणाचे, 'कूडल' म्हणजे संगम!) आमच्या 'काय करलालास?', म्हणजे काय करतो आहेस, या सोलापुरी प्रश्नाला पुण्यातले मित्र अजून हसतात.